उसने नियम

यवतमाळ जिल्ह्यात वैद्यकी करणाऱ्याच्या बोटांना डाव्या बरगडीखाली पानथरीचा कडक काठ लागला, की डोक्यात दोनच नावं येतात: हिवताप आणि सिकलसेल. त्यात वावगं काही नाही. झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी, केळापूर या जंगलपट्ट्यात हिवतापाने पोटं फुगलेली माणसं आमच्या पिढीने रांगेने तपासली आहेत. सिकलसेलचं म्हणाल तर आमच्याकडचा रुग्ण पुस्तकातल्या आफ्रिकी रुग्णासारखा नसतो. त्याची पानथरी लहानपणीच सुकून जात नाही, पुष्कळदा मोठेपणीही हाताला लागते. पण ही दोन नावं इतकी तोंडात बसलेली असतात, की तिसरं सुचायला फार वेळ लागतो. मला किती लागला आणि त्याची किंमत कुणी मोजली, ते लिहितो आहे. त्याच रुग्णाच्या बाबतीत पुढे माझी आणखी एक चूक झाली आणि ती पहिलीहून वाईट होती.

रुग्ण ओळखू येऊ नये म्हणून गाव, वय आणि काही तपशील बदलले आहेत. त्यांना इथे काकाजी म्हणतो. समोरही तसंच म्हणायचो.

काकाजी कपाशीचे शेतकरी, साठी ओलांडलेले. तक्रार साधीच होती. ‘दोन घास खाल्ले का पोट तट्ट होते, साहेब. अन् दम लागते.’ पानथरी बेंबीपर्यंत आलेली. हिमोग्लोबिन नऊच्या खाली, प्लेटलेट लाखाच्या आत, पांढऱ्या पेशी किंचित वाढलेल्या आणि त्यात लिम्फोसाइट जास्त. हिवतापाची काच निगेटिव्ह आली. सिकलसेलचा गुण निघाला, पण नुसता वाहक. वाहकाची पानथरी एवढी वाढत नाही, म्हणून तो धागा मी सोडला. इथवर माझं बरोबर होतं.

मग मी ‘हायपर-रिअ‍ॅक्टिव्ह मलेरियल स्प्लेनोमेगली’ असं लांबलचक निदान लिहिलं. हिवताप वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा होत राहिला, की काही जणांची प्रतिकारशक्ती अतिरेक करते. रक्तात हिवतापाचा जंतू सापडत नाही, पण आयजीएम जातीची प्रतिद्रव्यं भरमसाट वाढतात आणि पानथरी फुगते. काकाजींचं आयजीएम मोजलं, ते वाढलेलं निघालं. मी खूश झालो. हे सांगायला लाज वाटते, पण निदान जुळलं की डॉक्टर खूश होतो, रुग्णाचं काहीही होवो.

आयजीएम वाढलं एवढंच मी पाहिलं. ते कसलं वाढलं, हे पाहिलं नाही. हिवतापाने वाढलेलं आयजीएम हजार तऱ्हांच्या पेशींनी मिळून तयार केलेलं, सरमिसळ असतं. एकाच पेशीच्या वंशावळीने तयार केलेलं आयजीएम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिसच्या पट्टीवर अणकुचीदार शिखरासारखं वर येतं. ही तपासणी महाग नाही. मी सांगितलीच नाही, कारण माझ्या लेखी प्रश्न सुटलेला होता.

दर आठवड्याला क्लोरोक्विन सुरू केलं. या आजाराची गंमत अशी, की औषध लागू पडणं हाच निदानाचा एक निकष आहे. हिवतापाची पानथरी असेल तर तीन महिन्यांत उतरायला लागते आणि सहा महिन्यांत ठळकपणे लहान होते. काकाजींची उतरली नाही. पण मधे दोन बाटल्या रक्त चढवलं होतं, त्यामुळे त्यांना हुशारी आली. ‘हलकं वाटून रायलं,’ असं ते म्हणाले आणि मला तेवढं पुरलं. पानथरी होती तिथेच होती. मी स्वतःला समजावत राहिलो, की हे गोळ्या चुकवत असतील, पावसाळ्यात पुन्हा डास चावले असतील. एकदा काकूंनीच विचारलं, ‘औषध चालू हाय, मंग गोळा जात काऊन नाही?’ मी म्हणालो, धीर धरा. औषधाचा गुण येत नाही हाच एक तपासणी अहवाल होता आणि तो काकूंनी माझ्याआधी वाचला.

आमच्याकडे रक्ताच्या काचा पाहणारा तंत्रज्ञ मुलगा त्याआधीच म्हणाला होता, ‘सर, या लिम्फोसाइटना टोकाशी बारीक केस आल्यासारखे दिसताहेत.’ मी काच पाहिली आणि रक्त जुनं असेल, नळीत पडून पेशी बिघडल्या असतील, असं म्हणून बाजूला ठेवली. जुन्या रक्तात पेशींचा आकार बिघडतो हे खरं आहे. अशा वेळी ताजं रक्त घेऊन दुसरी काच करायची असते. बोटाला सुई टोचायची आणि काचेवर थेंब ओढायचा, एवढंच काम. मी ते केलं नाही.

ते केस म्हणजे या आजाराची सही होती. स्प्लेनिक मार्जिनल झोन लिम्फोमा हा पानथरीत उगम पावणारा, संथ चालीचा, दुर्मीळ लिम्फोमा, म्हणजे लिम्फोसाइटचा कर्करोग. लिम्फोमाच्या शंभर रुग्णांत असे दोनसुद्धा सापडत नाहीत. बहुतेकांचं वय साठीच्या पुढे, पानथरी मोठी, मानेत-काखेत गाठी जवळजवळ नाहीत, आणि रक्तात टोकाला केस असलेल्या लिम्फोसाइट. त्यातल्या बऱ्याच जणांच्या रक्तात थोडं आयजीएमही वाढलेलं असतं. माझ्या हिवतापाच्या निदानाला आधार वाटलेली एकूण एक गोष्ट या आजारातही बसत होती.

हा सापळा मी पहिल्यांदा शोधलेला नाही. घानामध्ये कुमासी इथे काम करणाऱ्या इमेल्डा बेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली ‘लॅन्सेट’मध्ये नेमका हाच प्रश्न मांडला होता. हिवतापाची पानथरी म्हणून उपचार घेणाऱ्या, पण गुण न येणाऱ्या काही रुग्णांच्या लिम्फोसाइटमधले प्रतिद्रव्यांचे जनुक त्यांनी तपासले, तेव्हा त्या पेशी एकाच मूळ पेशीची पिलावळ असल्याचं दिसलं. म्हणजे हिवतापाचा आजार आणि लिम्फोमा यांच्यातली सीमा सूक्ष्मदर्शकाखाली जिथे धूसर होते, तिथे जनुक ती दाखवू शकतो. मी हा शोधनिबंध काकाजींचं निदान झाल्यावर वाचला. वाचायला हवा होता त्याच्या कितीतरी नंतर.

जनुकाचं हे प्रकरण इथे थोडं उलगडून सांगतो, कारण माझी दुसरी चूक त्यातच आहे. प्रतिद्रव्यं तयार करणाऱ्या बी-लिम्फोसाइट अस्थिमज्जेत घडताना आपल्या १४ व्या गुणसूत्रावरचे तुकडे कापून नव्याने जोडतात. व्ही जातीचे चाळीसेक उपयोगी तुकडे, डी जातीचे वीसेक, जे जातीचे सहा. प्रत्येकातला एकेक उचलायचा आणि सांधायचा. सुसुमु तोनेगावा यांनी हे १९७६ साली दाखवलं आणि १९८७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या जोडणीमुळे प्रत्येक बी-पेशीचा स्वतःचा सातबारा तयार होतो. निरोगी माणसाच्या रक्तात लाखो वेगवेगळे सातबारे असतात. लिम्फोमात हजारो पेशी एकच सातबारा दाखवतात. पुढे पेशीची जंतूशी गाठ पडली, की तिच्या सातबाऱ्यावर फेरफार चढतात, म्हणजे व्ही-जनुकातली अक्षरं इथे तिथे बदलतात. कोणता व्ही-तुकडा उचलला आणि मूळ नोंदीशी तो किती टक्के जुळतो, हे दोन आकडे अहवालात येतात.

काकाजींचं रक्त अखेर नागपूरला गेलं, तेही माझ्या शहाणपणाने नव्हे. पुण्यात नोकरी करणारा त्यांचा मुलगा सुट्टीत आला, वडिलांचा चेहरा पाहून घाबरला आणि थेट घेऊन गेला. फ्लो सायटोमेट्रीत सीडी२० पॉझिटिव्ह, सीडी५, सीडी१० आणि सीडी१०३ निगेटिव्ह. अस्थिमज्जेची तपासणी झाली, निदान पक्कं झालं. हेपटायटिस सी नव्हता. असता तर वेगळा रस्ता होता. २००२ साली फ्रान्समधल्या ऑलिव्हिए एर्मीन आणि सहकाऱ्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये दाखवलं, की हेपटायटिस सी असलेल्या अशा नऊ रुग्णांना फक्त विषाणूवरचं औषध दिलं, तर विषाणू गेल्यावर सात जणांचा लिम्फोमाही मागे हटला, विषाणू नसलेल्या सहा जणांना त्याच औषधाचा काही उपयोग झाला नाही. लिम्फोमाच्या पेशीला बाहेरचं कुणीतरी सतत डिवचत असावं, या शंकेला एवढा स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

मुलाने पदरचे पैसे घालून आणखी एक नमुना मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल त्याच्या मोबाइलवर आला आणि तो घेऊन ते तिघे माझ्याकडे आले. घरचे डॉक्टर म्हणून त्यांचा माझ्यावर अजून विश्वास होता. त्या अहवालातली एक ओळ: आयजीएचव्ही १-२*०४, मूळ जनुकाशी साम्य ९८.९ टक्के, अनम्युटेटेड.

‘अनम्युटेटेड’, म्हणजे फेरफार नसलेला, हे मला ठाऊक होतं, निदान तसं वाटत होतं. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल, या तुलनेने अधिक आढळणाऱ्या आजारात ते शिकलो होतो. १९९९ साली ‘ब्लड’ नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. एक इंग्लंडमधल्या टेरी हॅम्ब्लिन यांच्या गटाचा, दुसरा न्यूयॉर्कचा. हॅम्ब्लिन यांच्या रुग्णांत सुरुवातीच्या टप्प्यातल्या, पण फेरफार नसलेल्या सीएलएलचं मध्यम आयुर्मान ९५ महिने होतं. फेरफार असलेल्यांचं २९३. आकडे इतके विलक्षण होते, की परिषदेत एकदा ऐकले ते कायमचे डोक्यात राहिले. ९८ टक्के किंवा त्याहून जास्त साम्य म्हणजे वाईट, हा नियम मी तेव्हापासून खिशात घेऊन हिंडत होतो.

तो खिशातून काढला आणि काकाजींना लावला. मुलाला बाजूला घेऊन म्हणालो, यातला हा वाईट प्रकार दिसतो, फार वर्षं धरू नका. बाजूला घेऊन बोललेलं घरात लपून राहत नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी रिटुक्सिमॅबचा उपचार सुचवला होता, त्याची तारीखही ठरली होती. काकाजी गेलेच नाहीत. निरोप आला, ‘जगायचंच नाही तं पैसे कायले घालता? वावर इकू नका.’ धाकट्या मुलीचं लग्न त्यांनी घाईने उरकलं. पुढचे कित्येक महिने ते घरीच होते, रक्त कमी झालं की इथे येऊन चढवून घ्यायचे. मीच ते चढवत होतो, आणि तेव्हाही मी योग्य तेच सांगितलं असं मला वाटत होतं.

नागपूरच्या हिमॅटॉलॉजिस्टने फोन केला, कारण रुग्ण आला नव्हता. मी कारण सांगितल्यावर ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘तुम्ही सीएलएलची मोजपट्टी लावलीत.’

त्यानंतर मी जे वाचलं ते आधी वाचायला हवं होतं. ९८ टक्क्यांची रेघ सीएलएलमधून आली, आणि तिथेही ती सोयीची म्हणून आखलेली होती; माणसामाणसांतल्या जन्मजात फरकांना फेरफार समजलं जाऊ नये म्हणून दोन टक्क्यांची मुभा ठेवली गेली. पानथरीच्या या लिम्फोमाचं गणित निराळं आहे. २०१२ साली ग्रीक संशोधक व्हॅसिलिस बिकोस आणि सहकाऱ्यांनी ३३७ रुग्णांचे जनुक तपासले, तेव्हा चाळीसेक व्ही-तुकड्यांपैकी अवघ्या तिघांनी जवळपास निम्मे रुग्ण व्यापले होते. त्यातही १-२ हा तुकडा सर्वाधिक, आणि तो असलेल्या ८६ नोंदींपैकी ७९ मध्ये त्याची *०४ हीच आवृत्ती. या तुकड्याच्या *०२ आणि *०४ या आवृत्त्यांत अक्षरांचा फरक नगण्य आहे, तरी हा आजार *०४ लाच इतक्या वेळा निवडतो. असं योगायोगाने घडत नाही. या विशिष्ट प्रतिद्रव्याला चिकटणारं काहीतरी, जंतूचं असो की शरीराचं स्वतःचं, त्या पेशीला वाढायला भाग पाडत असणार. आणि *०४ असलेल्या पेशींत फेरफार थोडेच असतात. म्हणजे काकाजींचा ९८.९ हा आकडा त्या नमुन्यात अगदी नेहमीचा होता. तो आकडा त्यांच्या आजाराची ओळख सांगत होता. मी तो मुदत म्हणून वाचला.

या नमुन्याला अर्थच नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. *०४ असलेल्यांत केएलएफ२ नावाच्या जनुकातला बिघाड आणि सातव्या गुणसूत्राचा तुटलेला तुकडा जास्त आढळतो. २०२२ साली ‘ब्लड’मध्येच आलेल्या ३०३ रुग्णांच्या अभ्यासात हा आजार जनुकांवरून दोन मोठ्या गटांत विभागला गेला आणि ज्या गटात केएलएफ२ येतो त्याची वाटचाल थोडी कमी चांगली निघाली. थोडी कमी चांगली म्हणजे फार वर्षं धरू नका नव्हे. एकंदर या आजारात मध्यम आयुर्मान दहा वर्षांच्या आसपास धरलं जातं. आणि त्या नमुन्यावरून उपचार बदलावा, असं आजही कुणी सांगत नाही.

सीएलएलमध्ये ते सांगितलं जातं. तिथे फेरफार नसतील तर जुनी केमोथेरपी टाळून नव्या गोळ्या देतात. हेअरी सेल ल्युकेमिया या आणखी एका, पानथरी वाढवणाऱ्या दुर्मीळ आजारात पुन्हा तिसराच कायदा: बहुसंख्य रुग्णांत बीआरएएफ जनुकाचा ठरावीक बिघाड असतो, हे २०११ मध्ये कळलं. पण ज्यांच्या पेशींनी आयजीएचव्ही ४-३४ हा तुकडा उचललेला असतो, त्यांच्यात तो बिघाड बहुधा नसतो आणि क्लॅड्रिबिन या हुकमी औषधाचा गुणही कमी येतो. तिथे त्या तुकड्याचं नाव कळणं खरोखर कामाचं. एकच तपासणी, एकाच जातीची पेशी, पण प्रत्येक आजारात अहवालाचा अर्थ वेगळा. हे माझ्या गावी नव्हतं. हिवतापाचा नियम लिम्फोमाला लावला आणि मग एका लिम्फोमाचा नियम दुसऱ्याला.

सगळ्यात जास्त बोचलेली गोष्ट पुढची आहे. या आजारात पुढे काय होईल याचा अंदाज घ्यायला इटलीच्या लिम्फोमा गटाने २००६ साली एक साधा हिशेब मांडला: हिमोग्लोबिन १२ च्या खाली आहे का, एलडीएच वाढलंय का, अल्ब्युमिन ३.५ च्या खाली आहे का. तिन्हीपैकी एकही नसेल तर पाच वर्षांनी या आजारापासून बचावलेले ८८ टक्के, एक असेल तर ७३, दोन किंवा तिन्ही असतील तर ५०. काकाजींचं हिमोग्लोबिन कमी होतं. एलडीएच आणि अल्ब्युमिन ठीक होतं. दोन्ही आकडे माझ्याच फाइलमध्ये पडलेले होते. म्हणजे मधला गट. मुंबईहून आलेल्या अहवालाचा मी एवढा बाऊ केला आणि घरातले कागद उघडून पाहिले नाहीत.

मी त्यांच्या घरी गेलो. काकाजी ओसरीवर बाजेवर पडले होते. सगळं नीट सांगितलं, मी चुकीचं बोललो होतो हेही सांगितलं. त्यांनी बराच वेळ काही विचारलं नाही. मग विचारलं, ‘हे फवारणीनं झालं का, साहेब?’ आधी एकदा त्यांनी हेच विचारलं होतं आणि मी फटकन ‘नाही’ म्हणून मोकळा झालो होतो. २०१७ च्या हंगामात या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, ती आम्ही वॉर्डात पाहिली. पण तो तातडीचा विषप्रयोग आणि हा वर्षानुवर्षांचा आजार, दोन्ही एक नव्हेत, असा माझा तर्क होता. तर्क बरोबर असला तरी ‘नाही’ हे उत्तर बरोबर नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये मॅलेथिऑन आणि ग्लायफोसेट यांना कर्करोगाच्या संभाव्य कारणांत घातलं, आणि लिम्फोमाशी असलेला संबंध हे त्यामागचं एक कारण होतं. या वेळी म्हणालो, काही फवाऱ्यांवर तसा संशय आहे, पण तुमचा आजार त्यानेच झाला असं कुणी सिद्ध करू शकणार नाही. यावर ते फक्त ‘हं’ म्हणाले.

ते नागपूरला गेले. रिटुक्सिमॅबचे आठवड्याचे डोस झाले. औषधाआधी हेपटायटिस बी तपासला गेला. ते औषध दबलेला विषाणू उठवू शकतं म्हणून तो तपासावाच लागतो. पानथरी महिन्यागणिक आत सरकत गेली, बरगडीखाली लागेनाशी झाली, रक्त चढवणं थांबलं. इतका गुण येणं या आजारात नवलाचं नाही. पण माझ्या शब्दामुळे वाया गेलेले महिने आणि घाईत उरकलेलं लग्न यांचा हिशेब कुठल्याच अहवालात लिहिलेला नाही. मुलगा अजून येतो, पण अहवाल आधी नागपूरला पाठवतो आणि मग मला दाखवतो. त्याचं बरोबरच आहे.

माझ्या व्यवसायबंधूंना एवढंच सांगणं आहे. हिवतापाच्या औषधाला पानथरी सहा महिने दाद देत नसेल तर औषध वाढवू नका. बोट टोचून ताजी काच करा, प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस सांगा आणि रक्त फ्लो सायटोमेट्रीसाठी पाठवा. आणि ज्यांच्या घरी असा जनुकाचा अहवाल येईल, त्यांनी तो समजावणाऱ्या डॉक्टरला, मग तो मी का असेना, आधी विचारावं: हा नियम याच आजाराचा आहे ना? हिमोग्लोबिन, एलडीएच आणि अल्ब्युमिन या तिन्ही तपासण्या यवतमाळातच होतात.